शिधापत्रिकेचा रंग आणि खारं पाणी

१ मे १९९९ रोजी महाराष्ट्रात शिधापत्रिका तीन रंगांच्या झाल्या. पिवळी दारिद्र्यरेषेखालच्यांची, केशरी वर्षाला एक लाखापर्यंत उत्पन्न असणाऱ्यांची, शुभ्र त्यावरच्यांची. रंग ठरले होते धान्य-रॉकेलासाठी. पुढे याच रंगांवर दवाखान्याचं दार उघडायचं की नाही तेही ठरू लागलं.

त्या वेळी मोहल्ल्यातले लोक माझ्याकडून अर्ज लिहून घेत, बी.ए.चा तेवढाच उपयोग. अर्जात उत्पन्न विचारलेलं असे. विहिरीचं पाणी कसं, दवाखाना किती लांब, कर्ज सावकाराचं की बँकेचं, हे कुणी विचारत नसे. शुभ्र कार्ड हाती आलेल्या एका म्हातारीने मला विचारलं होतं, "भाऊ, म्हंजे आता आम्ही श्रीमंत झालो का?"

शासनाने हे प्रश्न कधीच विचारले नाहीत असं मात्र नाही. आत्महत्यांचं सत्र थांबेना, तेव्हा २००६ मध्ये बुलढाण्यासह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत सतरा लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबांची घरोघर पाहणी झाली. कर्ज, नापिकी, लेकीचं लग्न आणि घरातलं आजारपण, सगळं नोंदलं गेलं. कोणतं घर कशाने खचणार याचा एवढा मोठा लेखाजोखा आपल्याकडे क्वचितच झाला असेल.

तरीही २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत आली, ती पिवळ्या-केशरी रंगावरच. वर्षाला कुटुंबामागे ३३३ रुपयांचा हप्ता शासन विमा कंपनीला भरी. संरक्षण दीड लाखाचं. बुलढाण्यात ती नोव्हेंबर २०१३ मध्ये पोचली. तोवर एक लाखाची रेघ चौदा वर्षांची झाली होती, आणि महागाई काही तिच्यासाठी थांबली नव्हती. कागदावर लाखाच्या वर असलेला कोरडवाहू शेतकरी एका ऑपरेशनला वावर विकत होता.

२०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. तेव्हा तिच्यात चौदा आपत्तिग्रस्त जिल्ह्यांतल्या शुभ्र कार्डधारक शेतकऱ्यांचा वेगळा गट होता: मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा. मला ही या इतिहासातली मोठी गोष्ट वाटते. उत्पन्न सोडून संकटाकडे बघून विमा दिला गेला. सातबारा नसलेला शुभ्र कार्डाचा छोटा दुकानदार किंवा कारागीर मात्र बाहेरच राहिला. २०१८ च्या आयुष्मान भारतने २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेतून माणसं निवडली. एकच कच्ची खोली, घरात कर्ता पुरुष नाही, भूमिहीन मजुरी, अशा खुणांवर. खुणा चांगल्या होत्या, पण यादी सात वर्षं जुनी.

शेवटी २०२३ मध्ये रंगांची अटच सुटली. पाच लाखांचं संरक्षण सर्व शिधापत्रिकाधारकांना द्यायचं ठरलं आणि २०२४ पासून ते लागू झालं. म्हणजे माहितीचं काम संपलं?

पूर्णेकाठी, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे जाऊन बघा. खारपाणपट्टा तो. मूत्रपिंडाच्या आजारांसाठी इथली गावं वर्षानुवर्षं बातम्यांत आहेत. डायलिसिसचा खर्च योजना देते. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा लागतं, बरोबर एक माणूस लागतो आणि त्याची मजुरी बुडते. ती कोणत्याच दाव्यात बसत नाही.

आणि दाव्याच्या कागदावर रुग्णाचं गाव असतं, आजार असतो. व्यक्तीचं नाव झाकून हीच गावं नकाशावर मांडली, तर कुठे गोडं पाणी आधी न्यायचं आणि डायलिसिसचं यंत्र कुठल्या तालुक्याला बसवायचं, हे शोधायला नवी पाहणी लागणार नाही. विमा कंपनीलाही ते परवडेल. पाण्याची पाइपलाइन एकदाच टाकावी लागते, डायलिसिसचं बिल जन्मभर येतं. फक्त तो कागद पैसे चुकते झाल्यावर पाणीपुरवठ्याच्या टेबलावर जायला हवा.