ओढणारा कुत्रा आणि त्याचा गळा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

सकाळी फिरायला बाहेर पडलं की एक दृश्य हमखास दिसतं. पुढे कुत्रा, मागे मालक आणि मधली साखळी ताणलेली. कुत्र्याच्या घशातून घरघर येते आहे, मालक ‘अरे, हळू, हळू’ म्हणत मागून फरफटतो आहे. कोण कोणाला फिरवतंय, असा विनोद करून आपण पुढे जातो. पण त्या घरघरीमागे मोठा इतिहास आहे, आणि तो माहीत असला तर दुकानातून कुठला पट्टा आणायचा हे ठरवणं जरा सोपं जातं.

गळपट्टा फार जुना. इजिप्तमध्ये राजांच्या खोऱ्यात 1899 साली मैहरप्री नावाच्या मानकऱ्याचं थडगं सापडलं. त्यात सुमारे 3400 वर्षांपूर्वीचे कुत्र्यांचे दोन चामडी पट्टे होते. एकावर घोडे रंगवलेले, तर दुसऱ्यावर शिकारीची चित्रं आणि चक्क कुत्रीचं नाव. इटलीतील पाँपेई इथे उंबरठ्यावर साखळीतला कुत्रा खड्यांच्या नक्षीत चितारलेला आहे. त्याच गावात इसवी सन 79 मधल्या ज्वालामुखीच्या राखेत एक खराखुरा कुत्रा पट्ट्यासकट गाडला गेला. 1874 साली त्या पोकळीत प्लास्टर ओतून त्याचा साचा काढला. तडफडून वेडावाकडा झालेला तो देह पाहवत नाही. तो बांधलेला होता, पळू शकला नाही.

म्हणजे पट्टा कशासाठी? मालकी सांगायला, मिरवायला आणि दारात बांधून ठेवायला. शिवाय गळा वाचवायलाही. इंग्लंडमधील लीड्स किल्ल्यात पट्ट्यांचा संग्रह आहे, त्यात लोखंडी काट्यांचे जुने पट्टे पाहायला मिळतात. लांडग्यानं किंवा अस्वलानं नरडं धरू नये म्हणून शिकारी कुत्र्यांना ते घालत. आपल्याकडे हिमालयातले मेंढपाळ बिबट्यापासून वाचवायला आपल्या कुत्र्यांना असेच पट्टे घालतात. कुत्र्याचा गळा नाजूक असतो हे त्या माणसांना पुरतं ठाऊक होतं. आपण मात्र नेमकी तिथेच दोरी अडकवली.

ज्यांना कुत्र्याकडून खरोखर ओढण्याचं काम करून घ्यायचं होतं, त्यांनी हे कधी केलं नाही. बेल्जियममध्ये दुधाच्या गाड्या कुत्रे ओढत, पहिल्या महायुद्धात तर त्यांनी मशीनगनही ओढल्या. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना गाडीला जुंपण्यावर 1839 साली लंडनपुरती आणि 1854 च्या कायद्यानं सगळीकडे बंदी आली. अलास्कात 1925 च्या जानेवारीत नोम गावात घटसर्प पसरला, तेव्हा वीस गाडीवानांनी आळीपाळीनं घसरगाड्या हाकून हजारांहून अधिक किलोमीटर अंतर सुमारे साडेपाच दिवसांत तोडलं आणि प्रतिविष पोचवलं. त्या कुत्र्यांच्या अंगावर छाती-खांद्यावरून जाणारा साज होता. जोर छातीवर, श्वास मोकळा. शेतकऱ्याला हे सांगायला नको. जू बैलाच्या खांद्यावर ठेवतात, नरड्यावर नाही.

मग गळ्याला फास कुठून आला? पोलिसी आणि लष्करी शिकवणीतून. जर्मनीत कोनराड मोस्ट यांचं श्वानशिक्षणावरचं पुस्तक 1910 साली आलं, तिथे जबरदस्तीला मानाचं स्थान होतं. अमेरिकेत विल्यम कोहलर यांच्या 1962 च्या पुस्तकानं झटक्याची शिस्त घराघरांत नेली. 1980 साली बार्बरा वुडहाउस या बाईंनी बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर गळ्यात आवळणारी साखळी लोकप्रिय केली. ओढलं की आवळते, सोडलं की सैल होते. कागदावर छान. पण ओढायची सवय लागलेला कुत्रा सैल होण्याची वाट पाहत नाही, तो तसाच घोरत ओढतो.

1980 च्या दशकात पाश्चात्त्य बाजारात तोंडावरचे पट्टे आले. आपल्या भाषेत सांगायचं तर मोरकी. तोंड वळलं की अंग वळतं, हे गुराख्याचं जुनं शहाणपण. थोराड कुत्रा आणि किरकोळ मालक अशी जोडी असेल तर उपयोगी, पण बऱ्याच कुत्र्यांना ती आवडत नाही. तिला झटका मात्र कधीच द्यायचा नाही. लांब दोरी तर लावायचीच नाही, कारण धावत सुटलेल्या कुत्र्याची मान एकदम पिरगळू शकते.

गळ्याविषयीची शंका पुढे मोजून पाहिली गेली. 2006 साली अमेरिकेतील एका पशुवैद्यकीय नियतकालिकात आलं, की गळपट्ट्यानं ओढताना कुत्र्याच्या डोळ्यातला दाब वाढतो, छातीच्या साजानं तसा वाढत नाही. 2003 च्या मोबाइलच्या जाहिरातीनंतर आपल्याकडे पग जातीचं वेड पसरलं. बटबटीत डोळ्यांच्या, आधीच धापा टाकणाऱ्या त्या कुत्र्यांच्या मालकांनी तर हे लक्षात ठेवावंच. 2020 साली ब्रिटनमध्ये कृत्रिम मानेवर वेगवेगळे पट्टे ओढून पाहिले. रुंद, अस्तर लावलेला पट्टासुद्धा इजेच्या धोक्यातून सुटला नाही.

छातीचा साज म्हणजे रामबाण, असंही नाही. 2019 च्या एका अभ्यासात पाहिलेल्या दोन्ही प्रकारच्या साजांनी खांद्याची हालचाल थोडी कमीच केली. आणि पाठीवर कडी असलेला साज म्हणजे शेवटी घसरगाडीचाच साज, त्यात कुत्रा आणखी आरामात ओढतो! म्हणून ओढणाऱ्या कुत्र्यासाठी मी छातीवर पुढे कडी असलेला साज निवडीन. ओढलं की तो कुत्र्याला बाजूला वळवतो. पट्टा खांद्याच्या सांध्यावरून आडवा जाऊ नये, काखेत घासू नये, आणि आत दोन बोटं सहज जावीत. नावाचा बिल्ला गळपट्ट्यात राहू द्यावा, मैहरप्रीच्या कुत्रीसारखा. दोरी मात्र तिथे लावू नये.

आणि दोरी ताणली की थांबायचं, सैल झाली की निघायचं. पहिले काही दिवस कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत पोचायलाही अर्धा तास लागतो.