सान्हा : ठाण्यातल्या वहीची कुळकथा

बालाघाट जिल्ह्यातल्या परसवाड्याच्या ठाण्यात फिर्याद नोंदवली की एफआयआरची प्रत हातात पडते. लोक आपले नाव, गाव आणि लावलेली कलमे बघतात आणि घडी घालून ती खिशात टाकतात. वरच्या बाजूला एक अरुंद रकाना असतो, त्याकडे सहसा कुणी बघत नाही. त्यात लिहिलेले असते : रोजनामचा सान्हा क्रमांक अमुक, वेळ अमुक. बाघ नदी ओलांडून गोंदिया जिल्ह्यात आलात की हाच रकाना ‘स्टेशन डायरी’चा होतो.

ही वही रात्रंदिवस चालू असते. तक्रार घेऊन कोण आले, कुणाला धरून आणले, काय माल जमा झाला, सगळे घडेल त्या क्रमाने, नंबर आणि वेळ टाकून. पोलीस ठाण्याबाहेर पडला की ‘रवानगी’, परतला की ‘वापसी’. फौजदारी वकील उलटतपासणीत हमखास इथे हात घालतात. चार वाजता जंगलात धाड घातली म्हणता ना, मग रवानगीचा सान्हा दाखवा. तो निघाला नाही की धाडीची सगळी गोष्ट लंगडी पडते.

रोजनामचा कळतो, रोजच्या नोंदींची वही, शब्द फारसी. पण सान्हा म्हणजे काय? मला या शब्दाने पछाडले, आणि त्याचा माग काढता काढता मी जिथे पोचलो तिथे पोलिसांवर नजर कुणी ठेवायची हा आजचा वाद तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीच पेटलेला होता.

आधी खोट्या वाटा बुजवू. मराठी कानाला वाटते, सान म्हणजे लहान. मोठ्या दप्तरापुढची ही छोटी वही, म्हणून सान्हा. बालाघाटसारख्या मराठी-पवारी-हिंदी मिसळलेल्या मुलखात हे पटकन पटते. पण बिहार-झारखंडात, जिथे मराठीचा वाराही लागलेला नाही, तिथे ठाण्यात ‘सनहा’ लिहितात. म्हणजे शब्द आपल्या घरचा नाही. दुसरी वाट ‘सन’ची, म्हणजे वर्षाची. पण या वहीत महत्त्व घटका-तासाला, वर्षाला कोण विचारतो? तीही सोडली.

उरतो तो अरबीतून फारसीत आणि तिथून उर्दूत आलेला ‘सानिहा’. अर्थ घटना, प्रसंग. आजच्या उर्दूत तो दुर्घटनेपुरता राहिला आहे. मोठा स्फोट झाला, आगगाडी उलटली की वर्तमानपत्रे ‘सानिहा’ छापतात. पण जुना अर्थ साधा : जे घडले ते. रोजनामचा सान्हा म्हणजे घडलेल्या गोष्टींची रोजवही. अर्थ चपखल बसतो, आणि बिहारच्या सनह्यालाही बसतो.

खरी गंमत या शब्दाच्या अनेकवचनात आहे : सवानिह. मोगलांच्या राज्यकारभारात ‘सवानिह-निगार’ नावाचा एक कारकून होता, घटना लिहिणारा. तो का निर्माण झाला, ही सगळ्या कुळकथेची गुरुकिल्ली. प्रांतोप्रांती आधीपासून ‘वाकिआनवीस’ बसलेले होते. सुभ्यात काय चालले आहे ते लिहून थेट बादशहाकडे धाडायचे, हे त्यांचे काम. पण एकाच गावात राहून, एकाच हवेलीत जेवून सुभेदाराशी त्यांचे सूत जमायला कितीसा वेळ लागणार? वाकिआनवीस सुभेदाराच्या सोयीचे तेवढे लिहू लागले. तेव्हा दरबाराने त्यांच्या डोक्यावर दुसरा लेखक बसवला, सवानिह-निगार. शिवाय गुप्त बातम्या लिहिणारा खुफियानवीस वेगळा आणि हरकारे वेगळे. जदुनाथ सरकारांनी मोगल कारभारावरच्या पुस्तकात या यंत्रणेचे वर्णन केले आहे. पहारेकऱ्यावर पहारा, आणि त्याच्यावर आणखी एक.

हा वाकिआनवीस आपल्याकडे आला तेव्हा त्याचा ‘वाकनीस’ झाला. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत मंत्री म्हणजेच वाकनीस, आणि राज्याभिषेकाच्या वेळी ते पद दत्ताजी त्रिंबकांकडे होते. पण मराठ्यांनी मोगलांकडून नुसते पद घेतले नाही. लिहिणारा आणि सत्ता चालवणारा वेगळा ठेवण्याची अक्कल घेतली आणि ती आपल्या पद्धतीने पुरती मुरवली. सभासद बखरीतला किल्ल्यांचा बंदोबस्त बघा. हवालदार, सबनीस आणि सरनोबत एका तोलाचे. हिशेब-हजेरी सबनिसाकडे, कोठारे कारखानिसाकडे. कुणी एकटा फितूर झाला तरी किल्ला जाऊ नये, हा हिशेब. पेशवाईत मामलेदाराच्या शेजारी दरखदार असत : दिवाण, मजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद, चिटणीस. मामलेदाराला त्यांना काढता येत नसे, त्यांच्या हुद्द्याबाहेरचे काम सांगता येत नसे, आणि त्यांच्या हातून गेल्याशिवाय कागद पुरा होत नसे. नागपूरकर भोसल्यांच्या परगण्यांतही कमाविसदाराजवळ फडणवीस आणि वऱ्हाडपांडे होतेच. आज ही आडनावे आहेत. तेव्हा ती लगाम होती.

आता प्रतिपक्षाला संधी देतो. कायद्याचे अभ्यासक म्हणतील, हे सगळे छान, पण ठाण्याची डायरी इंग्रजांनी आणली. १८४३ नंतर सिंधमध्ये चार्ल्स नेपियरने आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या धर्तीवर पोलीस उभे केले, १८५७ नंतर १८६० चा पोलीस आयोग बसला, त्यातून २२ मार्च १८६१ चा पोलीस कायदा आला, आणि त्याच्या कलम ४४ ने प्रत्येक ठाणेदारावर जनरल डायरी ठेवण्याचे कर्तव्य टाकले. नव्या पोलिसांचा गणवेश, हुद्दे, कवायत इंग्रजी, हे कबूल. घडामोडींची वही ब्रिटिश पोलिसांकडेही असे, हेही कबूल. पण मग तिला सान्हा का म्हणावे? इंग्रजांनी ठाणेही नवे बांधले नाही. १७९३ मध्ये कॉर्नवॉलिसने बंगालमध्ये दरोगा नेमला तो जुन्याच ठाण्यावर, आणि १८३७ पर्यंत कंपनीच्या कचेऱ्यांची भाषा फारसीच होती. वही लिहिणारा मुनशी तोच, दौत-लेखणी तीच, शब्दही तोच. कायदा लंडनच्या वळणाचा असेल. वही दिल्लीच्या वळणाची आहे.

परसवाड्याचे भाग्य असे की हा पुरावा जमिनीवर दिसतो. या पठारावरची पहिली गावे लछमन नाईकाने १८१० च्या सुमारास वसवली. १८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. मार्च १८६१ मध्ये पोलीस कायदा आला, त्याच वर्षी २ नोव्हेंबरला सागर-नर्मदा प्रदेश आणि नागपूर प्रांत जोडून मध्य प्रांत झाला, आणि १८६७ मध्ये मंडला, सिवनी आणि भंडारा यांचे तुकडे काढून बालाघाट जिल्हा शिवला गेला. म्हणजे इथे कायदा जिल्ह्याहून वडील! सागर-नर्मदा भाग तोवर वायव्य प्रांताच्या कारभारात होता, तिथली कचेरी उर्दू-फारसी वळणाची. भंडाऱ्याची बाजू मोडीची आणि मराठीची. सान्हा वरच्या बाजूने, जबलपूरकडून, उतरला आणि बालाघाटात थांबला, असे माझे ठाम मत आहे. पुढे १९५६ मध्ये भंडारा मुंबई राज्यात गेले, तिकडे १९५१ चा मुंबई पोलीस कायदा लागू झाला आणि वही स्टेशन डायरी झाली. इकडे ती रोजनामचाच राहिली.

कलम ४४ पुन्हा वाचले की खरी चोरी पकडता येते. तक्रारी, अटक केलेल्यांची नावे, फिर्यादी, आरोप, जप्त हत्यारे आणि माल, तपासलेले साक्षीदार, सगळे लिहायचे. आणि जिल्हा मॅजिस्ट्रेटला ही वही केव्हाही मागवून बघता येईल. वाचणारा वेगळा ठेवला. पण लिहिणारा? तो ठाणेदार स्वतः. मोगलांना एका वाकिआनविसावर भरवसा नव्हता, पेशव्यांना एका मामलेदारावर नव्हता, आणि इंग्रजांनी मात्र ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हातात लेखणी दिली. वही उचलली, दरखदार टाकून दिला. बंडानंतरच्या राज्याला पोलिसांचा जाब विचारायचा नव्हता, पोलीस वापरायचे होते. त्या हेतूला ही रचना सोयीची होती.

परिणाम ठाऊक आहेत. १९०२-०३ चा पोलीस आयोग अँड्र्यू फ्रेझरच्या अध्यक्षतेखाली बसला, आणि फ्रेझर म्हणजे आपल्याच मध्य प्रांताचा माजी चीफ कमिशनर. त्याच्या आयोगाने पोलीस भ्रष्ट आणि जुलमी समजले जातात असे स्वच्छ लिहिले. १९७७ चा धर्मवीर आयोग आठ अहवाल देऊन गेला. २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सुरक्षा आयोग आणि पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमायला सांगितले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती केली. सल्ल्यांची वाण नव्हती.

वहीचा सगळ्यात विचित्र प्रवास ललिता कुमारी खटल्यात दिसतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली, ती डायरीत लिहिली, मग वेगळी एफआयआर कशाला, असा युक्तिवाद तिथे झाला. १२ नोव्हेंबर २०१३ ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो फेटाळला : माहिती एफआयआरच्या पुस्तकात लिहायची, प्रत फिर्यादीला द्यायची, आणि तिचा सारांश डायरीत घ्यायचा. हा वाद निव्वळ कागदी नव्हता. बिहारमध्ये ‘सनहा करून घ्या’ म्हणजे गुन्हा न नोंदवता केलेली बोळवण. महाराष्ट्रात अदखलपात्र नोंदीला ‘एनसी’ म्हणतात तसा प्रकार. बादशहाला जे कळू नये असे सुभेदाराला वाटे ते कळवण्यासाठी जन्मलेला शब्द अखेर तक्रार मुरवण्याचे साधन झाला.

न्यायालयांनी लेखणी हळूहळू दुसऱ्यांच्या हाती द्यायला सुरुवात केली आहे. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची सही आणली, आणि कुणाला कळवले हे डायरीत नोंदवायला लावले. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंह सैनी खटल्यात प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही आणि चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर, जपायचा आदेश झाला. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती-जप्तीचे चित्रण सक्तीचे केले. मला कॅमेरा म्हणजे नवा सवानिह-निगार वाटतो, फक्त त्याची वायर ठाण्याच्याच भिंतीतून जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली, यात नवल नाही. तो कॅमेरा ठाणेदाराला बंद करता येणार नाही आणि चित्रण जिल्ह्याबाहेर जमा होईल तेव्हा दरखदार परत आला असे मी म्हणेन.

तोवर बैगा पाड्यावरून पायी आलेल्या माणसाला, किंवा त्याच्यासोबत ठाण्यात जाणाऱ्याला, इतकेच सांगायचे आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसे लिहिले आहे. ती घडी घालण्याआधी सान्ह्याचा क्रमांक आणि त्यापुढची वेळ बघा, आणि आपण ठाण्यात पोचलो ती वेळ तिच्याशी ताडून मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवा. दोन्हींत तफावत असेल तर कलम ४४ अजून जिवंत आहे आणि वही मागवण्याचा अधिकार बालाघाटच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे आहे. तसा अर्ज त्यांच्या कचेरीत लेखी द्या, आणि पोच घ्या.