समालोचन-कक्षातून मैदानात : लू बूद्रो

मे १९६० मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाने एक विलक्षण अदलाबदल केली. मॅनेजर चार्ली ग्रिमला रेडिओच्या समालोचन-कक्षात धाडले आणि तिथे बसून सामन्यांचे वर्णन करणाऱ्या लू बूद्रोला मॅनेजर केले. ही घटना बहुधा गंमत म्हणून सांगितली जाते. आम्हांला तीत बूद्रोच्या साऱ्या कारकिर्दीचे मर्म दिसते.

बूद्रो मूळचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या दरम्यान उभा राहणारा क्षेत्ररक्षक. पाय मंद, घोटे दुखरे. पण चेंडू कुठे येणार हे त्याला आधीच उमगे. चोवीस वर्षांचा असतानाच तेव्हाच्या क्लीव्हलँड इंडियन्सने त्याला खेळाडू-मॅनेजर नेमले. (बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे क्रिकेट संघासोबत हिंडणारा व्यवस्थापक नव्हे; डावपेच आखणारा तोच.)

१४ जुलै १९४६ रोजी बॉस्टनमध्ये लागोपाठ दोन सामने होते. पहिल्यात बूद्रोने चार डबल आणि एक होम रन मारूनही क्लीव्हलँड १०-११ असे हरले, कारण समोर टेड विल्यम्सने तीन होम रन मारले होते. दुसऱ्या सामन्यात विल्यम्स फलंदाजीस येताच बूद्रोने जवळजवळ सगळे क्षेत्ररक्षक मैदानाच्या उजव्या बाजूस नेले. डावीकडे उरला एकटा लेफ्ट फिल्डर. विल्यम्स चेंडू उजवीकडे ओढतो हे कोणाला ठाऊक नव्हते? पण त्या माहितीवर विसंबून अर्धे मैदान मोकळे सोडणे, हे खरे वाचन. युक्ती त्याच्याही आधीची; नाव मात्र त्याचे चिकटले. मेजर लीगने २०२३ पासून अशा रचनेवर निर्बंध घातले आहेत.

१९४७ नंतर मालक बिल व्हेक त्याला विकायला निघाला होता. प्रेक्षकांच्या संतापामुळे बेत बारगळला. पुढच्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९४८ च्या निर्णायक सामन्यात, बूद्रोने दोन होम रन मारून बॉस्टनला ८-३ असे नमवले. मग वर्ल्ड सिरीजही जिंकली.

पुढे बॉस्टन आणि कॅन्सस सिटी इथे मॅनेजर म्हणून अजिंक्यपद पुन्हा लाभले नाही. १९६० मध्ये कब्जनेही त्याच्या हाताखाली ५४ सामने जिंकले, ८३ गमावले. वाचन तेच होते. त्यावर बॅटीने सही करणारा हात उरला नव्हता. त्याने दीर्घ मुदतीचा करार मागितला, तो नाकारला गेला, आणि बूद्रो पुन्हा ध्वनिक्षेपकासमोर येऊन बसला. १९६१ मध्ये कब्जने मॅनेजर हे पदच रद्द करून प्रशिक्षकांचे मंडळ नेमले, आणि त्या मंडळाच्या एकामागून एक पराभवांचे वर्णन बूद्रो रेडिओवरून करत राहिला.