पावतीवरचं नाव

१९७२ च्या दुष्काळात बाप मुंबईला आला. मुलुंडच्या एका चाळीत खोली बघायला गेला, तेव्हा भाडं गोळा करणाऱ्या मेहताने आधी आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्याबरोबर खोली 'कालच गेली' होती. मग कारखान्यातल्या एका मराठा सोबत्याने तीच खोली आपल्या नावावर घेतली आणि बापाला राहायला दिली. महिना २० रुपये. पैसे आमचे, पावती त्याच्या नावाची. बाप म्हणायचा, "लई चांगला मानूस. एक पैसा जास्त घेतला न्हाई." ते खरंच होतं.

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना जागा मिळाली नाही हे आपल्याला तोंडपाठ आहे. त्यावर आपण भाषणंही ठोकतो. पण अस्पृश्यतेपायी कुठल्याही वस्तीत घर घ्यायला, राहायला आडकाठी करणं १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे बापाला ठाऊक नव्हतं. मेहताला असेलही.

दोस्तहो, घरमालकाची जबाबदारी काय, हा प्रश्न आपण वकिलांवर सोडून दिलाय. म्हणून जरा मागे जाऊ. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर काही गोष्टी लादल्या. घर राहण्याजोगं ठेवायचं, पाणी-वीज तोडायची नाही, भाडं घेतलं की पावती द्यायची. मालक दुरुस्ती करत नसेल तर भाडेकरूने नोटीस द्यावी, आपण करावी आणि खर्च भाड्यातून कापावा. ऐकायला गोड! पण कापायचं किती? वर्षाच्या भाड्याचा चौथा हिस्सा, त्याच्यावर नाही. आमचं वर्षाचं भाडं २४० रुपये. चौथा हिस्सा ६०. साठ रुपयांत कुठलं छप्पर शाकारून होतंय? ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला, त्यातही हा चौथा हिस्सा तसाच राहिला.

मालक ओरडत होते की जुन्या चाळींची भाडी १९४० च्या दरावर गोठलीत, दुरुस्ती करू कशातून? त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. १९९७ साली सुप्रीम कोर्टानेही त्या गोठवलेल्या भाड्याला अवाजवी म्हटलं. सरकारला तर हे १९६९ सालीच उमगलं होतं. उपकर घ्यायचा आणि जुन्या इमारती मंडळाने दुरुस्त करायच्या, असा कायदा तेव्हा झाला. आज ते मंडळ म्हाडात आहे. पण त्याची हद्द माहीम आणि शीवला संपते. अंधेरी-घाटकोपर १९५० साली महापालिकेत आलं, बोरिवली-मुलुंड १९५७ साली. महापालिकेची पट्टी आली, दुरुस्ती मंडळ मात्र माहीमची खाडी ओलांडून आलं नाही.

उपनगराला उरली महापालिका. तिच्या १८८८ च्या कायद्यात ३५४ कलम आहे. इमारत धोकादायक झाली की मालकाला नाहीतर राहणाऱ्याला नोटीस : दुरुस्त करा, नाहीतर पाडा. ही नोटीस सगळ्यांना माहीत असते, कारण ती भिंतीवर डकवतात. त्याच कायद्याचं ४९९ कलम कुणी डकवत नाही. मालकाने सांगितलेलं काम केलं नाही तर राहणाऱ्याने करावं आणि खर्च मालकाकडून वसूल करावा, असं ते सांगतं.

इमारत पडली म्हणजे भाडेकरूचा हक्क मेला, असं मालकाची माणसं सांगत फिरतात. साफ खोटं. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने शहा रतनसी खिमजी खटल्यात सांगितलं की इमारत गेली तरी भाडेकरूपण जात नाही. त्याच साली मुंबई हायकोर्टाने महापालिकेला सांगितलं, पाडण्याआधी भाडेकरूंची यादी करा, प्रत्येकाची जागा मोजून ठेवा. अंधेरी-बोरिवलीच्या पोरांनी मोजणीच्या दिवशी चाळीत हजर राहायला पाहिजे. मोर्चाला जातो तसं.

आमच्या चाळीला नोटीस लागली तेव्हा मी हजर होतो. टेप आमच्याच खोलीत धरला. यादीत नाव पडलं ते बापाच्या सोबत्याचं. तो वारलाय. त्याचा मुलगा दारात उभा होता, खाली मान घालून. काही बोलला नाही, पण गेलाही नाही.

अजून एक गोष्ट तेव्हा मला कळली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो दुसऱ्याच्या खोलीत लिव्ह अँड लायसन्सवर राहत होता, तो कायद्याने भाडेकरू झाला. त्या दिवशी बाप त्याच खोलीत होता. पण दाखवणार काय? मेहताच्या भीतीने रेशनकार्डसुद्धा गावचंच ठेवलेलं.

मायच्या ट्रंकेत सगळ्या पावत्या निघाल्या, सुतळीने बांधलेल्या, पहिल्या महिन्यापासूनच्या. एकीवरही आमचं नाव नाही. वकील म्हणतो, दुसऱ्याच्या नावाच्या पावत्या इतकी वर्षं तुमच्या ट्रंकेत कशा, हेच कोर्टाला विचारू. बांद्र्याच्या स्मॉल कॉज कोर्टात तारीख लागलीय.