आधी माणसे, मग विद्यापीठ

कुलगुरू निवडण्याची चर्चा आपण खूप करतो, घडवण्याची क्वचितच. अशा वेळी मला अण्णासाहेब कर्वे आठवतात. जपानमधील महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचून त्यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ काढले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याआधी, १९०८ मध्येच, त्यांनी निष्काम कर्ममठ स्थापला होता. हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यालय चालवण्यासाठी व्रतस्थ कार्यकर्ते तयार करणे हा त्याचा हेतू. पुढे १९२० मध्ये ठाकरसींची १५ लाखांची देणगी मिळाली. कायद्याने मान्यता मिळायला मात्र तीन दशकांहून अधिक काळ लागला. तेवढा काळ तग धरायला पैशाइतकीच माणसेही लागली. म्हणून नवा कुलगुरू नेमला जातो तेव्हा मी स्वतःला विचारतो : याच्यानंतरचा माणूस आज कुठे घडतो आहे?