फादर स्टीफन्स: एका परदेशस्थाची तयारी

घरातील मुलगा वा मुलगी परदेशी जाणार असे ठरले की प्रथम कागदपत्रांची धावपळ सुरू होते. पासपोर्ट, व्हिसा, प्रशस्तिपत्रके, विमानाचे तिकीट, सामानाचे वजन. त्यात आईने दिलेली लोणच्याची बरणी. ही तयारी आवश्यकच आहे. परंतु पुढील काही महिन्यांत दूरध्वनीवर आईवडिलांच्या कानी जे पडते, ते त्या यादीत कोठेच नसते. बोलणे समजत नाही, हक्काचे कोणी नाही, इथले लोक संशयाने पाहतात. ह्या दुसऱ्या तयारीचा विचार करू लागलो की चारशे वर्षांपूर्वीचा एक प्रवासी डोळ्यांपुढे उभा राहतो.

'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव आपल्याला परिचित आहे. ते स्वतः घरदार सोडून परक्या मुलखात आलेले गृहस्थ होते, ह्या बाजूने मात्र त्यांच्याकडे आपण क्वचितच पाहतो.

स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. राणी एलिझाबेथच्या त्या काळात कॅथलिकांना उघडपणे श्रद्धा पाळणे कठीण झाले होते. थॉमस पाउंड नावाच्या श्रीमंत कॅथलिक मित्राबरोबर ते त्याच्या सेवकाच्या वेषात वावरत असत. दोघांनी मिळून रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचे ठरविले होते. पण पाउंड पकडला गेला आणि पुढील सुमारे तीस वर्षे त्याने तुरुंगात काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि 1575 साली येशूसंघात दाखल झाले. परदेशगमनाची त्यांची खरी तयारी तेथे नव्हे, त्या सेवकाच्या वेषातच झाली असावी, असे मला वाटते. आपल्या घरी आपण कोण होतो, हे विसरून वागण्याचा तो अभ्यास होता.

4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा काफिला निघाला. त्यात स्टीफन्स होते. 24 ऑक्टोबरला ते गोव्यात उतरले. सतरा दिवसांनी, 10 नोव्हेंबर रोजी, त्यांनी वडिलांना एक दीर्घ पत्र लिहिले. ते पुढे हॅक्लुइट यांच्या प्रवासवृत्तांच्या प्रसिद्ध संग्रहात छापले गेले. गिनीच्या किनाऱ्यालगत वारा पडल्यामुळे जहाज दिवसेंदिवस खोळंबले आणि उष्म्याने माणसे हैराण झाली. हिरड्या सुजून त्या कापाव्या लागत, पाय सुजत. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. समुद्रात पूर्वपश्चिम अंतर मोजण्याचे खात्रीचे साधन नसल्याने वाट चुकून जहाज सोकोत्रा बेटाच्या बाजूला गेले. हे सारे त्यांनी वडिलांना सरळ शब्दांत कळविले आहे.

आपल्याकडे नेमके याच्या उलट घडते. घरच्यांना काळजी नको म्हणून मुलगा तिकडच्या अडचणी लपवितो, आणि मुलाला काळजी नको म्हणून आईवडील आपले आजारपण लपवितात. दोन्हीकडे प्रेम असते आणि दोन्हीकडे अंतर वाढत जाते. निघण्यापूर्वीच 'खरे तेच कळवू' असा शब्द एकमेकांस दिला, तर पुष्कळ दुःख टळेल.

गोव्यात उतरल्यावर स्टीफन्स यांचे बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतात गेले. तो काळ सोपा नव्हता. पोर्तुगीज सैन्याने तेथील देवळे उद्ध्वस्त केली होती आणि गावागावांत संताप धुमसत होता. 15 जुलै 1583 रोजी कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांची हत्या झाली. त्यांचे मृतदेह परत मिळविण्याच्या कामी स्टीफन्स होते. पुढे पोर्तुगीजांनी त्या गावच्या प्रमुखांना असोळणा येथील किल्ल्यात बोलावून ठार केले. सत्तेबरोबर आलेल्या परक्याकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात, हे स्टीफन्स यांना तेव्हा कळले नसेल, असे म्हणता येणार नाही. आपण न केलेल्या गोष्टींचा शिक्का घेऊनच परका माणूस नव्या गावात शिरतो. तो शिक्का वादाने पुसला जात नाही. वर्षानुवर्षांच्या सहवासाने फिकट होतो, तोही झाला तर.

ते तेथेच राहिले आणि लोकांची भाषा शिकत गेले. त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला, म्हणजे आगमनानंतर बरोबर चार वर्षांनी, भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्याशी मिळतीजुळती असल्याचे नोंदविले. सर विल्यम जोन्स यांनी हेच साम्य कलकत्त्यात मांडले ते 1786 साली. 'ख्रिस्तपुराण' राशोल येथे छापून निघाले 1616 साली, आगमनानंतर सदतीस वर्षांनी. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे. देवनागरीचे खिळे नसल्याने तो रोमन अक्षरांत छापावा लागला. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण 'आम्हांला वाचावयास काही पुराण द्या' असे सुचवितो, असा प्रसंग ग्रंथाच्या आरंभी येतो. लोकांच्या कानाला सवय होती ओवीची. म्हणून ह्या इंग्रजाने ओवी उचलली. त्यांनी सिद्ध केलेले कोंकणीचे व्याकरण मात्र 1640 साली, त्यांच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी छापले गेले. मागून येणाऱ्या परक्यांची वाट त्यामुळे सोपी झाली.

आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. 1583 च्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन साथीदार असे चार इंग्रज हेर असल्याच्या संशयावरून होर्मुझला पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले. ज्या इंग्लंडने स्टीफन्स यांच्या मित्राला कोठडीत टाकले, त्याच इंग्लंडची ही माणसे. स्टीफन्स यांनी त्यांच्यासाठी रदबदली केली, आणि नाताळच्या सुमारास ते जामिनावर सुटले. पुढे त्यांच्यापैकी तिघे गोव्यातून निसटले, आणि फिच 1591 साली लंडनला परतला. आधी येऊन स्थिरावलेल्याने नंतर येणाऱ्याला हात द्यावा, ही रीत त्यांनी पाळली. आखाती देशांत वा कॅनडात ज्यांना पहिल्या आठवड्यात एखाद्या ओळखीच्या कुटुंबाने जेवावयास बोलाविले, त्यांना ह्याचे मोल सांगावयास नको.

1619 साली स्टीफन्स गोव्यातच निवर्तले. चाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी परतले नाहीत. आज अंतरे आटली आहेत आणि आपली मुले वर्षा-दोन वर्षांनी घरी येऊ शकतात. परंतु नव्या गावी विद्यार्थी होण्याची मनाची तयारी विमानाने पोहोचत नाही. ती येथूनच न्यावी लागते. कराराचा कागद स्वतः वाचणे, तेथील भाषेचे चार शब्द आधी शिकणे, घरी खरे लिहिणे आणि आपल्यामागून येणाऱ्याचा पत्ता जवळ ठेवणे, एवढे जरी आपण मुलांना निघताना सांगितले, तरी बरणीइतकेच ते त्यांना पुरेल.