स्वभावाची कोष्टके आणि ताराबाई शिंदे यांची ‘तुलना’

माणसांचे प्रकार पाडून माणूस समजून घेण्याची ओढ आपल्या वाङ्मयपरंपरेला अपरिचित नाही. आयुर्वेदाने वात, पित्त आणि कफ यांच्या आधारे प्रकृती ठरविल्या, गीतेने त्रिगुणांच्या आधारे माणसांचे आहार, दान आणि श्रद्धा विभागल्या, नाट्यशास्त्राने नायिकेच्या आठ अवस्था कल्पिल्या. आधुनिक काळात कार्ल युंगने १९२१ मध्ये मानसशास्त्रीय प्रकारांची मांडणी केली. तिच्या आधारे कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी १६ व्यक्तिमत्त्वप्रकारांची जी चाचणी सिद्ध केली, ती आज जगभर नोकरभरतीपासून समुपदेशनापर्यंत वापरली जाते. ‘स्वतःला ओळखा, इतरांनाही ओळखा’ हे तिचे आश्वासन आहे.

या सर्व वर्गीकरणांना एकाच मापाने मोजणे अर्थातच योग्य नव्हे. ‘दासबोधा’तील मूर्खलक्षणे ऐकणाऱ्याने ओळखावीत आणि टाकावीत यासाठी सांगितलेली आहेत. बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध हे तेथील चार प्रकार म्हणजे चढून जाण्याच्या पायऱ्या आहेत. याउलट काही वर्गीकरणे माणसाला एका चौकटीत कायमचे बसवितात. कोणत्याही वर्गीकरणाच्या इतिहासात म्हणून दोन प्रश्न विचारावे लागतात. लक्षणांची यादी कोणी केली? आणि जिला ती लावली गेली, त्या व्यक्तीला उलट प्रश्न विचारण्याचा अधिकार होता काय?

मराठीत हे प्रश्न अत्यंत धारदारपणे उपस्थित झाले ते १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या निबंधात. १८५३ च्या तहानंतर ब्रिटिश प्रशासनाखाली आलेल्या वऱ्हाडातील बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. त्याला निमित्त झाले १८८१ मधील सुरतेचे विजयालक्ष्मी प्रकरण. या ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्य करण्यात आली. वृत्तपत्रांतून मात्र चर्चा एकट्या विजयालक्ष्मीपुरती उरली नाही, ती स्त्रीजातीच्या स्वभावाकडे वळली. एका व्यक्तीच्या कृत्यावरून संपूर्ण वर्गाची प्रकृती सिद्ध करण्याचा हा व्यवहार ताराबाईंनी अचूक हेरला.

पुस्तकाच्या शीर्षकाचा पुढील भागच स्त्रिया व पुरुष यांत ‘साहसी कोण’ असे विचारतो. आज ‘साहस’ हा शब्द गौरवाचा आहे. येथे त्याला जुन्या संस्कृत वापरातील अविचार आणि दुष्कृत्य यांची छटा आहे. म्हणजे हा निबंध एका स्वभावलक्षणाच्या मालकीचाच वाद आहे. स्त्रीच्या अंगी संशय, उद्धटपणा, साहस, कपट असे दोष मोजणारी परंपरागत सुभाषितातील यादी ताराबाई समोर घेतात आणि तिचा एकेक रकाना तपासतात. ही तपासणी तीन अंगांनी होते. काही ठिकाणी दोष मान्य करून त्याचे कारण परिस्थितीत दाखविले जाते: शिक्षण नाकारले, वृद्ध वराशी लग्न लावले, वैधव्यात कोंडले, त्यातून जे उपजले त्याला ‘स्वभाव’ हे नाव दिले गेले. दुसरे, तोच दोष पुरुषांत किती प्रमाणात आहे हे लाचलुचपत, फसवणूक आणि बाहेरख्यालीपणा यांच्या आधारे विचारले जाते. तिसरे, दोषाच्या परिणामांचे माप घेतले जाते: तो कोणाला भोवतो आणि कोण त्यातून नामानिराळा राहतो?

या चिकित्सेची कक्षा साहित्यापर्यंत पोहोचते, हे समीक्षेच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावयास हवे. ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्यांचा, ‘मनोरमा’ नाटकाचा ताराबाई समाचार घेतात. कथा-नाटकांतील स्त्रीचित्रे वाचकाच्या मनात साचे तयार करतात आणि मग जिवंत स्त्री त्या साच्यातूनच पाहिली जाते, असा निष्कर्ष त्यांच्या या आक्षेपातून निघतो. ‘स्वभावचित्रण’ ही संज्ञा आपण पाठ्यपुस्तकी समीक्षेत निःशंकपणे वापरतो, तिच्यामागील गृहीतकांची तपासणी येथे सुरू झालेली दिसते.

यावर एक आक्षेप संभवतो. ताराबाईसुद्धा ‘पुरुष’ नावाचा एक सरसकट प्रकार उभा करीत नाहीत काय? करतात, आणि त्यांचा उपरोध अनेकदा अतिव्याप्तीकडे झुकतो. परंतु त्यांच्या युक्तिवादाचे बळ पुरुषजातीच्या व्याख्येत नसून ‘तुलना’ या कृतीत आहे. जो मापदंड एका बाजूला लावला तोच दुसऱ्या बाजूला लावा, एवढीच त्यांची मागणी आहे. ती मान्य केली की ‘स्त्रीस्वभाव’ ही कोटी स्वयंसिद्ध राहत नाही.

आजच्या व्यक्तिमत्त्व-चाचण्यांत एक महत्त्वाचा फरक आहे: उत्तर देणारी व्यक्ती स्वतःविषयी स्वतः बोलते. सुभाषितकाराने स्त्रीला ही संधी दिली नव्हती. तरीही प्रश्न आणि रकाने आधीच ठरलेले असतात. बहुतेक माणसे अंतर्मुख-बहिर्मुख अशा टोकांच्या मध्ये कोठेतरी असताना त्यांना एका बाजूला ढकलले जाते. शिवाय संकोच हा स्वभाव की दडपणाचा परिणाम, हे चाचणी सांगू शकत नाही. आपल्या प्रकारांच्या चिठ्ठ्या माणसांवर डकवू नयेत, असा इशारा युंगनेही दिला होता. वरिष्ठ कनिष्ठाची, वर सासरची मंडळी वधूची चाचणी घेऊ लागतात तेव्हा हा इशारा अधिकच निकडीचा ठरतो.

ताराबाईंच्या पुस्तकाची अवहेलना झाली तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली. त्यानंतर हे पुस्तक दीर्घकाळ विस्मृतीत राहिले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले आणि १९९४ मध्ये रोझलिंड ओहॅनलन यांचे इंग्रजी भाषांतर आले. तेव्हापासून ‘आद्य स्त्रीवादी’ ही ओळख ताराबाईंना चिकटली आहे. ती अयथार्थ नाही. परंतु ती देऊन वाचन संपविले, तर यादीतील एकेक शब्द उलटून पाहणारी, मापदंडालाच जाब विचारणारी त्यांची पद्धत नजरेआड होते. व्यक्तिमत्त्वाच्या कोष्टकांचा सुळसुळाट झालेल्या आजच्या काळात अभ्यासकाला अधिक उपयोगी पडेल ती हीच पद्धत.